आगीनगाडीचा पाळणा

काचीगुड्यात मराठी घरात बारसं ठरलं की आधी रेणूअक्काला सांगावा जायचा, घुगऱ्या नंतर भिजायच्या. घुगऱ्या काय, कुणीही भिजवील. पण पाळण्याच्या शेवटच्या कडव्यात बाळाचं नाव बसवावं ते अक्कानंच. गाणं म्हणून झालं की ते त्या घराचं. अक्का लुगड्याचा पदर सावरत उठायची, ओटीतलं खोबरं तोंडात टाकायची आणि घरी यायची.

घरी ती साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. मशीनवर पाय चालायचे आणि त्या ठेक्यावर ओठ हलायचे. केशवराव, म्हणजे तिचे यजमान, गौलीगुड्यात मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला. जेवायला आले की हमखास विचारायचे, "काय अक्का, आज साडी शिवली की गाणं?"

"दोन्हींतलं तुम्हाला काही कळत नाही. गुमान जेवा."

"हौ हौ, जेवतो की!"

तिची गाणी पुष्कळ होती, पण एक मात्र तिच्या काळजातलं. घर स्टेशनाच्या मागे, म्हणून गाणंही गाडीची शिट्टी ऐकतच बांधलेलं.

*आली आली आगीनगाडी, शिट्टी वाजे दूर,*
*मामा येतो बाळा, त्याला लागली हुरहूर.*

आणि शेवटी, बाळाचं नाव घालून,

*उद्या जाई प्रशांत, गाडी बसून दूर,*
*आई उभी दारी, तिला लागे हुरहूर.*

इथे आल्यावर बाळंतिणीचे डोळे भरलेच म्हणून समजा. ज्या पोराला अजून मान धरता येत नाही त्याच्या जाण्यानं रडायचं, म्हणजे कमालच! पण रडायच्या खऱ्या.

तर एकदा अक्का नणंदेकडे नांदेडला गेली होती. शेजारी बारसं. हिला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून भिंतीशी बसली. आणि बायांनी सुरू केलं, "आली आली आगीनगाडी". अक्काच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपलं लेकरू परक्या घरी अचानक रांगत समोर यावं, तसं झालं तिला. तिनं शेजारणीला हळूच विचारलं, "कुणाचं हो हे गाणं?"

"कुणाचं म्हणजे? जुनं आहे. पारंपरिक."

 अक्का काय सांगणार? 'मी केलंय' म्हटलं तर बाया तोंडाला पदर लावून हसल्या असत्या. पण त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला. कुणीतरी, कुठंतरी, चारचौघांत म्हणावं, हे गाणं रेणूचं आहे. बस्स. हार नको, शाल नको. मशीनवर बसली की ते मनात यायचं आणि मग दोरा तुटायचा.

त्याच सुमारास शहर पालटायला लागलं होतं. नव्वदीची मधली वर्षं. घराघरांत केबल आली, चौकाचौकांत कॅसेटची दुकानं झाली, टीव्हीवर रोज नवी गाण्याची स्पर्धा. कुकटपल्लीकडे पुण्या-मुंबईची मंडळी येऊन राहिली, काँप्युटरच्या नोकऱ्यांवर. त्यांतलीच एक स्नेहा. साड्यांचा गठ्ठा घेऊन ती अक्काकडे आली आणि गुणगुण ऐकून दारातच थांबली.

"मावशी, हे कुठलं गाणं?"

"कुठलं नाही गं. माझंच आहे. असंच."

"असंच?" स्नेहा पायरीवरच बसली. "अहो, आमचं मंडळ स्वरचित गीतांची स्पर्धा घेतंय. निवडलेल्या गाण्यांची कॅसेट निघणार आहे. वेष्टनावर गीतकाराचं नाव छापणार!"

अक्काच्या हातातली साडी घसरली. तिनं उगीचच विचारलं, "छापणार म्हणजे, कायमचं?"

मग काय, स्नेहा दर रविवारी टेपरेकॉर्डर घेऊन यायला लागली. तोवर अक्काच्या गाण्यावर बायांनी फक्त डोळे पुसले होते. "मधलं कडवं सैल पडतंय हं" असं तोंडावर म्हणणारी ही पहिलीच. अक्काला आधी राग आला, दोन दिवस फुरंगटून बसली, मग ते कडवं मोडून नव्यानं बांधलं. आपला आवाज टेपवर ऐकला तेव्हा म्हणाली, "अगं बाई, ही कोण म्हातारी?" पण गाणं ऐकून मनात म्हणाली, चांगलं आहे गं रेणू. असं ती स्वतःला कधी म्हणाली नव्हती.

स्नेहानं एकच बजावलं होतं. "मावशी, नवं गाणं द्या." पण ऐकेल तर अक्का कसली! आईनं लग्नाला आपली थोरली सोडून शेंडेफळ पुढं करायचं का? द्यायचं तर आगीनगाडीच.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. काचीगुड्याच्या साऱ्या बाया अक्कासाठी नटून आलेल्या. अक्कानं पहिली ओळ उचलली, आणि घात झाला. बारशाला देतात तशी साऱ्या हॉलनं साथ धरली! कडव्यामागून कडवं, न अडखळता. टाळ्या काय, माना डोलावणं काय! बिचाऱ्यांनी प्रेमानंच केलं, पण कधीकधी प्रेमसुद्धा गळा धरतं.

परीक्षक मुकुंदराव, गाण्याचे जुने मास्तर. चष्मा काढून म्हणाले, "बाई, गोड म्हटलंत. पण सगळ्या सभेला पाठ असलेलं गाणं स्वरचित कसं?" मग बायांकडे वळून, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

पुढच्या रांगेतली काचीगुड्याच्याच हिम्मतरावांची मंडळी, प्रशांतची आई, ठसक्यात उठली. "आमच्याकडे सासूबाईंपासून चालत आलंय."

उचलली जीभ, लावली टाळ्याला!  नांदेडच्या बाईनं म्हटलं तेव्हा टोचलं होतं, हे तर आतपर्यंत गेलं. अक्का तिथूनच ओरडली, "अगं, तुझ्या प्रशांतच्या बारशाला मी बांधलं ना हे? तुझी सासू तेव्हा समोर बसून विडा कुटत होती! शेवटच्या कडव्यात प्रशांतचं नाव कुणी घातलं, सांग की!"

बाईनं गालावर हात ठेवला. "अगोबाई, हौ की! अक्का, मला आठवलंच नाही गं."

तिला खरंच आठवलं नव्हतं, आणि अक्काला रडू आलं ते त्याचंच.

मुकुंदरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "गाणं तुमचं, मी मानतो. पण नियम नव्या गाण्याचा आहे. बक्षीस नाही देता येत, कॅसेटमध्येही नाही घेता येत." अक्का जायला वळली तेव्हा त्यांनी हाक मारली. "बाई, एक सांगू? सगळ्यांची नावं घातलीत. संतसुद्धा अभंगाच्या शेवटी आपलं नाव सांगत. तुम्ही का नाही सांगत? जो गाईल त्याला ते घ्यावंच लागेल."

"बाईमाणसानं? लोक म्हणतील, मिरवायची हौस."

"म्हणू देत."

कॅसेट निघाली, दुसऱ्यांची. स्नेहानं आणून दिली. अक्कानं वेष्टनावरून बोट फिरवलं आणि कपाटात ठेवली. आठवडाभर मशीन मुकं होतं. केशवरावांनीही थट्टा केली नाही, आपणच वरण गरम करून घेतलं. आठवड्यानं मशीन पुन्हा चालू लागलं आणि त्यावर एक कडवं बसलं. पुढच्या बारशाला बाळाच्या नावानंतर, मान खाली घालून, अक्कानं ते म्हटलं,

*रेणू म्हणे बायांनो, गाणं गेलं दूर,*
*नाव राहिलं मागे, त्याची हुरहूर.*

बायांनी नेहमीसारखी ओटी भरली. पण बायांना नवं कडवं मिळालं, आणि बाया कडवं सोडत नाहीत. अक्काही मग धीट झाली. दर वर्षी स्पर्धेला जायची, नवं गाणं घेऊन, शेवटी नाव घालून. एका वर्षी उत्तेजनार्थ मिळालंसुद्धा.

काही वर्षांनी नणंदेच्या नातवाचं बारसं निघालं, पुन्हा नांदेडला. गुडघ्यांमुळे अक्का भिंतीशी टेकून बसली. पोरी पाळण्याभोवती उभ्या राहिल्या. आगीनगाडी आली, मामा आला, बाळ दूर गेलं, आणि न थांबता पुढं, "रेणू म्हणे बायांनो..."

 पंचवीस बायांच्या तोंडी तिचं नाव! इतकी वर्षं अक्काला हेच तर हवं होतं. तिनं शेजारच्या पोरीचा हात धरला. "बाळ, ही रेणू कोण गं?"

"काय माहीत, आजी. जुन्या काळातली असेल कुणी. पारंपरिक आहे ना ते."

 अक्काला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले, पोरगी घाबरलीच. "आजी, काय झालं?"

"काही नाही गं," अक्का म्हणाली. "ते शेवटचं पुन्हा म्हणा की एकदा."