लोकशाही, दोन चहा

"या, लोकशाही. आपण इथं उभे राहा."

सर असं म्हणाले की वर्ग हसायचा. मी फळ्याजवळ जाऊन उभा राहायचो. हात मागे. खाकी पँट, पांढरा शर्ट, शर्टाला घरी केलेली इस्त्री. समोर बी.ए.च्या पहिल्या वर्षाची पोरं, राज्यशास्त्र घेतलेली. मी त्या विभागाचा शिपाई. घंटा, फळा, चहा, सरांच्या टेबलावरची धूळ, ही माझी कामं. आणि वर्षातून एकदा हे काम. मतदार म्हणून उभं राहायचं.

सर मतदाराचा धडा शिकवायचे. पुस्तकातला मतदार मुलांना कळत नाही, म्हणून जिवंत दाखवायचे. स्टुलावरून मला उठवून आत न्यायचे. एरवी मला ते अरे म्हणायचे. वर्गात आपण. त्या 'आपण'लाच पोरं आधी हसायची.

"आपण मत दिलंत?"

"दिलं, सर."

"कुणाला ते नका सांगू, गुप्त असतं. का दिलंत, तेवढं सांगा."

"गल्लीत नळ आला, सर. म्हणून दिलं."

हशा. सर स्वतः हसायचे नाहीत. फळ्याकडे वळायचे, इंग्रजीत एक ओळ लिहायचे, तिच्याखाली दोन रेघा मारायचे. मग मान न वळवता म्हणायचे, "झालं. जा, चहाचं बघ."

तास सुटला की फळा पुसायचो मीच. ती ओळ मला वाचता येत नव्हती. सातवी झालेला माणूस मी, तीही गावाकडची. सहा वर्षं मी ती ओळ डस्टरनं पुसली. पांढरी धूळ शर्टावर पडायची, ती झटकायची आणि पुढच्या वर्गात जायचं.

खरं सांगतो, मला त्यात मान वाटायचा. बायकोलाही. त्या दिवशी सकाळी ती तांब्यात निखारे घालून शर्ट कडक करायची. विश्रांतवाडीच्या आमच्या वस्तीत सांगायची, आमच्या ह्यांना आज वर्गात बोलावलंय. व्हरांड्यात पोरं हाक मारायची, "लोकशाही, दोन चहा." मी न्यायचो. नाव पडलं तर पडलं, असं म्हणायचो. शिपायाला नाव कोण ठेवतं? मला ठेवलं होतं.

मग पोरगी बारावी झाली. तेव्हा पुण्यात जिकडेतिकडे कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. जो तो पोराला तिकडे घालत होता. ही म्हणाली, राज्यशास्त्र घेणार. मी म्हटलं, त्यात काय आहे? ती म्हणाली, "कोण ठरवतं ते मला कळून घ्यायचंय, बाबा." माझ्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. मी तिला बजावलं, कॉलेजात मला बाबा म्हणू नकोस, तुझंच हसं होईल. ती लगेच बरं म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली की मला लागलं. पण सांगितलं तर मीच होतं.

त्या वर्षीही सरांनी बोलावलं. ती तिसऱ्या बाकावर, खिडकीशी, दोन नव्या मैत्रिणींच्या मध्ये. सरांना ठाऊक नव्हतं ती कुणाची. शिपायाला मुलं असतात का, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

मी नळाचं सांगितलं. वर्ग हसला. मी तिच्याकडे पाहिलं. मान खाली होती. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. मग तिनं मान वर केली. दात दिसले.

हसत होती. सगळ्यांबरोबर हसत होती.

सरांनी ओळ लिहिली. पोरांनी वहीत उतरवली. तिनंही उतरवली.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय गं, पाहिलंस ना ह्यांना वर्गात?" पोरगी दप्तर घेऊन आत निघाली. मी म्हटलं, वही काढ, ती ओळ वाच, मराठीत सांग. ती टाळत होती. मी दोनदा सांगितलं तेव्हा वाचली.

"हा माणूस मत देतो. का देतो, हे त्याला कळत नाही."

बायको कणीक मळत होती. तिचा हात थांबला.

"आणि तू लिहून घेतलंस?"

"परीक्षेला येतं, आई."

"हसलीस पण?"

पोरीनं वही मिटली. बायकोनं तिला मारलं नाही, शिवीही दिली नाही. ती माझ्याकडे वळली.

"नळ कुणी आणला हो?"

"नगरसेवकानं."

"त्यानं? आम्ही बायका अकरा दिवस त्याच्या दारात बसलो. ही पोर माझ्या मांडीवर होती. तो आम्हाला ओलांडून घरात जायचा. त्याच्याकडून कबूल करून घेतलं, खणायला लावलं, पाणी आलेलं पाहिलं, मग मत दिलं. मी दिलं आणि तुम्हाला द्यायला लावलं. का दिलं ते मला चांगलं कळत होतं. आणि तुम्ही तिथं उभं राहून सांगता, नळ आला म्हणून? आपोआप आला?"

तिनं पुन्हा कणीक मळायला घेतली. म्हणाली, "पुढच्या वर्षी इस्त्री नाही."

सरांनी मला अडाणी ठरवलं, ते एक वेळ सोडा. माझ्या बायकोचे अकरा दिवस मी दरवर्षी त्या फळ्याजवळ गिळून टाकत होतो. पोरांनी हसावं म्हणून. आणि वर फळा पुसत होतो. ते जास्त लागलं. अजून लागतं.

पुढच्या वर्षी चुरगळलेल्या शर्टात गेलो. सर म्हणाले, "लोकशाही आज पारोशी दिसते." हशा झाला. मग नेहमीचा प्रश्न. मी सांगायला लागलो. अकरा दिवस, बायका, दार. चौथ्या वाक्याला सर म्हणाले, "विचारलंय तेवढंच." आणि फळ्याकडे वळले. तीच ओळ. त्याच दोन रेघा.

म्हणजे मी काहीही सांगितलं असतं तरी ओळ तीच. ती माझ्या उत्तरावरून कधी निघतच नव्हती. सर ती घरून आणत होते.

"पूस आता," सर म्हणाले. पुढचा मुद्दा लिहायचा होता त्यांना.

"नाही पुसणार."

"काय?"

"माझ्याबद्दल लिहिलंय ना? राहू द्या. खाली सही करा. कुणी लिहिलं ते कळू दे."

वर्ग गार झाला. मला वाटलं, जिंकलो. सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग पोरांकडे वळून म्हणाले, "घ्या. याला म्हणतात जनजागृती. हेही लिहून घ्या."

आणि पोरं पुन्हा हसली.

मी डस्टर त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर आलो. त्यानंतर त्या वर्गात मतदार म्हणून उभा राहिलो नाही. दोनदा निरोप आला, गेलो नाही. वर्ष संपायच्या आत कॉलेजनं शिपायांची कामं ठेकेदाराला दिली. कुणाला काढायचं ते ठरवणाऱ्या समितीवर सर होते. यादीत माझं नाव पहिलं. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "सगळीकडे खाजगीकरण चाललंय. आपण मनाला लावून घेऊ नका." मला बाहेर आपण म्हणण्याची ती पहिली वेळ.

पुढं नगर रस्त्यावर एका आयटी कंपनीच्या गेटवर वॉचमन झालो. एकदा गाडीची काच खाली करून एक साहेब ओरडला, "अरे, लोकशाही! इथं कुठं?" मी वही पुढे केली. नाव, गाडीचा नंबर आणि सही, म्हटलं. त्यानं मुकाट्यानं केली.

हे बायकोला सांगितलं तर ती हसून म्हणाली, "ह्याची घेतलीत. सरांची राहिलीच." मग तो तिचा चेष्टेचा विषयच झाला. मी कुठल्या बढाया मारायला लागलो की म्हणायची, आधी सही आणा. शेवटी ससूनला होती, मूत्रपिंडं गेली होती, तोंडाला चव नव्हती, तरी म्हणाली. गेल्या मार्गशीर्षात गेली. तिची कणकेची परात अजून भिंतीला टेकून उभी आहे. मी पाव खातो.

परवा फोन आला. बाई गोड बोलत होत्या. सरांची पंचाहत्तरी आहे, सत्कार आहे, गौरव अंक काढतोय. "काका, जुन्या सेवकांची एखादी हृद्य आठवण हवी. दहा ओळी पुरे. तुम्ही बोला, मी लिहून घेते." मी म्हटलं, माझं मी लिहीन. फोन ठेवला आणि रिकाम्या घरात बायकोला ऐकू जावं असं मोठ्यानं म्हणालो, सापडला गं, आता सही आणतो.

हीच ती आठवण. दहा ओळींत बसली नाही.

पोरगी आता वाघोलीकडच्या एका कॉलेजात राज्यशास्त्रच शिकवते. हे वाचून म्हणाली, "बाबा, म्हातारा माणूस आहे तो. जाऊ द्या ना."

"मी कोण आहे मग?" मी म्हटलं. "तुझी पहिल्या वर्षाची वही आण."

आणली. जपून ठेवली होती. ओळ आहे, खाली दोन रेघा आहेत, अक्षर तिचं. पान फाडायला तिचा हात होईना. मी फाडलं. ती रडली. तिला उगी उगी म्हटलं नाही. त्या दिवशी हसली होती, आज रडू दे.

अंकात हे छापणार नाहीत, मला माहीत आहे. रविवारी स्वारगेटला उतरून मी चालत हॉलवर जाणार. शर्टाला इस्त्री नसेल. शाल-श्रीफळ झालं की पाया पडायला रांग लागते. त्या रांगेत उभा राहणार. माझी पाळी आली की वाकणार नाही. पान पुढे धरणार, पेन माझंच असेल. म्हणणार, सर, सही करा.

करत नाहीत तोवर रांग माझ्यामागे थांबेल. मी हलणार नाही.