ईराने नकाशावर लावलेल्या टिकल्या

मंडळी, आज माझ्या हातून काय घडलंय ते सांगते.

सकाळी इथे सिंगापुरात, चोआ चू कांगला, आमच्या इमारतीखाली सरकारी लोक मोठा नकाशा मांडून बसले होते. एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या स्टेशनकडे नवा रस्ता कुठून हवा, तिथे रहिवाशांनी हिरवे गोल स्टिकर लावायचे. रविवार असूनही कुणी फिरकत नव्हतं.

माझ्या पाच वर्षांच्या ईराला ते स्टिकर म्हणजे टिकल्याच वाटल्या. तिने स्टिकरचं अख्खं पान नकाशावर एका ओळीत चिकटवलं. मी हसत फोटो काढला. इथे येईपर्यंत सगळी हयात पुण्यात गेलेली माझी. सूचनापेटी कुणी उघडलेली कधी बघितली नाही. म्हटलं, कोण बघतंय?

दुपारी तिथली मुलगी नकाशा गुंडाळत होती. "थँक्यू! लोकांचा कल अगदी स्पष्ट दिसला," ती इंग्रजीत म्हणाली.

"अहो, ते माझ्या लेकीने खेळता खेळता लावलेत!"

"मुलांचंही मत आम्ही धरतो," ती प्रेमाने म्हणाली आणि गेलीसुद्धा.

घरी फोटो मोठा करून बघितला. ईराची ओळ बरोबर त्या झाडांवरून गेली होती, जिथे सहाव्या मजल्यावरचे अंकल रोज पक्ष्यांचे पिंजरे टांगतात.

संध्याकाळी अंकल पिंजरे उतरवत होते. मी विचारलं, तुम्ही स्टिकर लावलात का?

"नो नीड लाह," ते सिंगापुरी ढंगात म्हणाले. "वीस वर्षं इथे बसतोय. कोण हलवणार?"

"अंकल, आय पुट सो मेनी!" ईरा ओरडली.

"गुड गर्ल!" म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी ईराचा हात धरून लिफ्टकडे वळले. तुम्ही असता, तर बोलला असतात?