हलक्या चापाची बंदूक

बंदूक रिकामी आहे हे पक्कं माहीत असतानाही मिस्त्री तिच्या नळीत मागून डोकावत, मग करंगळी आत घालून चाचपत, आणि मग ती माझ्यापुढे धरत. "आता तुमचं बोट घाला साहेब. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

मी करंगळी घालायचो. तिला तेल लागायचं. पुसायला फडकं द्यावं हे मिस्त्रींना कधी सुचलं नाही, त्यामुळे रियाधमधल्या त्या वर्षीच्या माझ्या सगळ्या पँटींच्या खिशांवर तेलाचे डाग आहेत.

"बंदूक भित्र्या माणसानंच बनवावी," ते म्हणत. "छातीवाला बनवील तर कुणाचा तरी जीव घेईल." आणि ते खरोखरच भित्रे होते. लिफ्टला भीत, डॉक्टरला भीत, पोलिसाची गाडी दिसली की खिशातला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, चाचपत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. फक्त ती बहुधा बंदुका बनवत नाहीत.

आमची ओळख किराणा दुकानात झाली. रियाधच्या ओलाया भागात मी एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होतो आणि बँकेच्या मागच्या गल्लीत राहत होतो. दुकानात बायकोशी मराठीत बोलत होतो, तेवढ्यात पन्नाशीचा, पांढऱ्या दाढीचा, बारीक अंगाचा एक माणूस जवळ आला. "साहेब, आपलेच दिसता. एवढा कागद वाचून सांगाल काय?" कागद इंग्रजीत होता, परदेशातून मागवलेल्या बंदुकीच्या नळीबरोबर आलेला. मी दुकानात उभा राहून मोठ्यानं वाचू लागलो, तर त्यांनी घाईघाईनं माझ्या तोंडापुढे हात धरला आणि आजूबाजूला पाहिलं. "इथं नको. कारखान्यात या."

मिस्त्री रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे. मुंबईत लेथवर हात बसला, फिटरच्या व्हिसावर रियाधला आले, आणि सोळा वर्षं एकाच कफीलकडे राहिले. कफील म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा असतो तो मालक. त्याच्या संमतीशिवाय तुम्हाला देश सोडता येत नाही, आणि बहुतेकांचे पासपोर्टही त्याच्याच कपाटात असतात. मिस्त्रींचा तसाच होता.

हा कफील सत्तरी ओलांडलेला, पैसेवाला, निशाणबाजीचं वेड असलेला म्हातारा. मिस्त्री त्याला 'बाबा' म्हणत. त्याची निशाणबाजी टेबलावरची. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, मागे खुर्ची घेऊन बसायचं आणि पन्नास मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या अशा मारायच्या की भोक एकच दिसावं. एनसीसीत आपण जी पॉइंट टू-टू हाताळली, तिचीच ही लाडावलेली बहीण. गोळी तीच, चिमुकली, बुडाच्या कडेत ठिणगीची दारू भरलेली. पण इथं केसाचा फरकही चालत नाही.

बाकीचे लोक यासाठी दर गोळीला हातानं बोल्ट, म्हणजे मागचा दांडा, ओढायची बंदूक वापरतात. बाबाच्या दोन्ही हातांची बोटं संधिवातानं वाकली होती. बोल्ट ओढायला गेला की बंदूक पिशवीवरून हलायची आणि नेम जायचा. म्हणून त्याला गोळी आपोआप भरून घेणारी बंदूक हवी होती, पण निशाणाला बोल्टवालीच्या तोडीची. जाणकार म्हणत, हे होणार नाही. मिस्त्रींनी तीन बनवल्या. प्रत्येक आधीच्या बंदुकीपेक्षा बरी आणि एकही पुरेशी नाही. चौथीचं काम चाललं होतं तेव्हा कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसलं.

पुढचे महिने कसे गेले ते त्या वेळी तिथं असलेल्यांना सांगायला नको. मी बायकोला आणि मुलीला पुण्याला पाठवलं आणि स्वतः पगारासाठी राहिलो. शूरपणा म्हणून नव्हे. बँकेनं आम्हाला विषारी वायूचे मुखवटे दिले. मिस्त्रींना कोण देणार? त्यांनी खिडक्यांना चिकटपट्टी लावली आणि एक टॉवेल बादलीत भिजत ठेवला. मी माझा मुखवटा त्यांना देऊ केला नाही. खोटं कशाला सांगू, मनात आलं होतं, पण तोंडातून निघालं नाही.

दर शुक्रवारी ते बत्ह्याच्या बाजारात जाऊन घरी फोन करत. बायको रडत असे. "कधी येताव?" एवढंच विचारी. बाबानं मिस्त्रींना शब्द दिला होता, चौथी बंदूक झाली की पासपोर्ट हातात, एक्झिटचा शिक्का मारून. लढाई संपली की परत ये. म्हणजे घरची वाट त्या बंदुकीच्या नळीतून जात होती.

जानेवारीत लढाई पेटली आणि क्षेपणास्त्रं रियाधवर येऊ लागली. आता गोळी झाडून पाहणंही अवघड झालं. कारखाना बाबाच्या बंगल्याच्या आवारातच होता आणि कुंपणभिंतीला लागून पत्र्याचा लांब बोगदा होता, टोकाला वाळूची पोती. तिथं चाचणी चाले. पण अशा दिवसांत गल्लीत बंदुकीचा आवाज आला तर पोलीस आधी माणूस उचलतील आणि मग परवाना विचारतील. त्यावर मिस्त्रींनी काढलेला तोडगा ऐकून मी हसलो होतो. ते हल्ल्याच्या भोंग्याची वाट पाहत. भोंगा वाजला, सगळं शहर घरात तोंड बांधून बसलं, की हे बोगद्यात जाऊन गोळ्या झाडत. जगातला सगळ्यात भित्रा माणूस क्षेपणास्त्र येत असताना पत्र्याखाली बसून निशाण तपासत असे.

एका संध्याकाळी मी कागद वाचायला गेलो असताना भोंगा झाला. मी पिशवीतून मुखवटा काढून चढवला. मिस्त्री पांढरेफटक पडले होते. ओठ सारखे हलत होते, बहुधा दुवा म्हणत होते. तरी त्यांनी बंदूक पिशव्यांवर ठेवली, हात पँटीला पुसले, आणि ते हात दगडासारखे स्थिर झाले. एक गोळी. दुसरी. तिसरी. मी मोजत होतो, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सतरावी. मग बोट एकदाच हललं आणि आवाज दोन आले.

दूर कुठेतरी मोठा धमाका झाला, पत्रे थरथरले. मिस्त्रींनी तिकडे मान वळवली नाही. ते बंदुकीकडे बघत होते.

"ऐकलात?" ते म्हणाले.

"धमाका?"

"तो नाय हो. दोन सुटल्या."

भोंगा थांबल्यावर त्यांनी मला समजावलं. चूक त्यांचीच होती आणि ती मायेपोटी झाली होती. बाबाच्या वाकड्या बोटाला जोर लागू नये म्हणून त्यांनी चाप हलका केला, मग आणखी हलका केला. आता तो इतका हलका झाला होता की कधीकधी बंदुकीच्या स्वतःच्या धक्क्यानंच पुन्हा सुटत होता. शंभरात एकदा. पण पहिल्या गोळीनं बंदूक पिशवीवरून उचललेली असते, दुसरी कुठं जाईल ते सांगता येत नाही. आणि एका चापात दोन गोळ्या सुटणारं हत्यार म्हणजे कायद्याच्या भाषेत मशीनगन. लढाईच्या दिवसांत ते बाबाकडे सापडलं तर बाबाचं काय व्हायचं ते होईल, पण बनवणारा हिंदी मिस्त्री जिवंत घरी जाणार नाही.

"मग चाप जड करा," मी म्हणालो.

"जड केला तर बाबाच्या बोटानं ओढवत नाय. मग बंदूक झाली कुठं? आणि बंदूक झाली नाय तर मी जातो कसा?"

दोन दिवसांनी भर दुपारी बाबा कारखान्यात आला. पासपोर्ट घेऊनच आला होता, निळं पुस्तक खिशातून डोकावत होतं. त्याचं घरदार मक्केला निघून गेलं होतं, हा एकटा हट्टानं मागे राहिला होता. सुदैवानं म्हणा की दुर्दैवानं, थोड्याच वेळात भोंगा वाजला. बाबा उलट खूश झाला. "यल्ला!" म्हणत बोगद्यात जाऊन बसला. मीही गेलो, कारण एकट्यानं दुसरीकडे बसायची माझी छाती नव्हती. बाबानं दहा गोळ्या मारल्या. दहाच आवाज आले. कागदावर एक भोक होतं, कडेला किंचित कुरतडलेलं.

म्हातारा रडला. मिस्त्रींचं डोकं धरून त्यानं कपाळाचा मुका घेतला आणि पासपोर्ट त्यांच्या हातात ठेवला.

मी मिस्त्रींकडे पाहत होतो. मुखवट्यातून माझे डोळे त्यांना दिसले असतील तर त्यांत एकच मजकूर होता: गप्प राहा. घ्या आणि निघा. बाबाचं नंतर बघू. आजही मला याची लाज वाटते, आणि तरीही त्या जागी पुन्हा बसलो तर तेच म्हणेन.

मिस्त्रींनी पासपोर्ट उघडला. शिक्का पाहिला. बायकोचं नाव लिहिलेल्या पानावरून अंगठा फिरवला. मग तो मिटून टेबलावर बंदुकीशेजारी ठेवला आणि सोळा वर्षांच्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाले, "बाबा, माफी झैन." म्हणजे, बरी नाही ही. एक बोट दाखवून म्हणाले, "वाहिद." मग दोन बोटं दाखवून, "इत्नैन." एकदा ओढलं तर दोन.

बाबाचा चेहरा उतरला. पण तो मूर्ख नव्हता. त्यानं तिथंच चाप जड करायला लावला. भोंगा थांबून तासभर झाला तरी तो खुर्चीवरून उठला नाही. काम झाल्यावर त्यानं बोट लावलं, दातओठ खाल्ले, डोळ्यांतून पाणी काढलं. चाप हलला नाही. तेव्हा मिस्त्रींनी पुढे होऊन आपलं बोट बाबाच्या बोटावर ठेवलं आणि दोघांनी मिळून ओढलं. गोळी बरोबर मध्यावर गेली. भोंगा नसताना झाडलेली ती एकच. आम्ही तिघंही श्वास धरून गल्लीची चाहूल घेत बसलो. कुणी आलं नाही.

मग बाबा हसला. टेबलावरचा पासपोर्ट उचलून त्यानं परत खिशात टाकला आणि मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. "तू गेलास तर माझं बोट गेलं," असं काहीसं तो म्हणाला. रागानं नव्हे, अगदी प्रेमानं. खरेपणाचा मला इतका संताप कधी आला नव्हता.

त्यानंतर भोंगा झाला की बाबाचा ड्रायव्हर मिस्त्रींच्या दारावर थापा मारी. सगळं शहर आडोशाला जाई आणि मिस्त्री म्हाताऱ्याच्या मागे पत्र्याखाली उभे राहून त्याच्या बोटावर बोट ठेवत. स्वतःचं काम तपासताना त्यांची भीती कामात बुडून जायची. आता दुसऱ्याच्या खेळासाठी नुसतं उभं राहायचं होतं. भीतीला करायला दुसरं काही उरलं नाही. ते जेवेनासे झाले. खुर्ची सरकली तरी दचकू लागले. "कानात भोंगा राहिलाय साहेब," म्हणाले, "बंदच होत नाय."

मग त्यांचे हात कापायला लागले. आधी चहाचा पेला, मग किल्ली, मग सगळंच. फेब्रुवारीतल्या एका दुपारी बाबानं कागद जवळ मागवला. भोकं चाळणीसारखी विखुरली होती. त्यानं मागे वळून मिस्त्रींचा हात आपल्या वाकड्या बोटांत धरला. तो हात त्याच्या हातातही कापत राहिला. बाबा "खलास" म्हणाला आणि मिस्त्रींना द्यायला पासपोर्ट ड्रायव्हरच्या हाती देऊन उठून गेला. त्यानं जाताना बंदुकीकडे पाहिलं नाही.

रियाधचं विमानतळ बंद होतं, विमान जेद्दाहून होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रींना बत्ह्याला जेद्दाच्या टॅक्सीत बसवायला गेलो. गाडी भरली होती, ड्रायव्हर नाक्यावर दाखवायला सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करत होता. मिस्त्रींनी आपला काढला आणि तो खाली पडला. उचलला, पुन्हा पडला. गाडीतले लोक बघायला लागले. मी तो उचलून ड्रायव्हरच्या हातात दिला.

मिस्त्री ओशाळून हसले. दोन्ही हात त्यांनी काखांत घट्ट दाबून धरले. "घरी इचारतील हात का कापतात," ते म्हणाले. "सांगेन, तिकडं थंडी फार होती."

"सांगा," मी म्हणालो.

"बायको शाणी आहे, पण मानून घेईल."

गाडी सुटली. मी हात हलवत बराच वेळ उभा राहिलो. ते काचेतून माझ्याकडे बघत मान हलवत होते, पण हात काही त्यांनी बाहेर काढले नाहीत.