मिठाची फडकी

मला राग येतो तो सगळ्यात आधी त्या माणसाचा, ज्यानं माझ्या बहिणीच्या मनगटांवर पट्ट्या आवळल्या. त्याला डाग दिसलेच नाहीत, हे मी मरेपर्यंत मानणार नाही.

आमचं संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. मी सूर्यमाळला नवा मास्तर होतो. धाकट्या बहिणीच्या हृदयाची झडप आखडली होती. मुंबईच्या इस्पितळात तिचं ऑपरेशन झालं आणि ती स्वतःच्या पायांनी जामसरला घरी आली. महिन्याभरानं खोकला लागला, दम लागला. आमच्याकडे दम लागला की विळ्याचं टोक तापवून मनगटांवर डाग देतात. आईनं डाग देणाऱ्या भगताला बोलावलं.

चार दिवसांनी तपासणीची तारीख होती, म्हणून मी तिला मुंबईला नेलं. हृदयाचा आलेख काढताना तेव्हा हातापायांवर मिठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवत आणि त्यावर धातूची पट्टी बांधत. आलेख काढणाऱ्या त्या माणसानं ती थेट ओल्या डागांवर बांधली. बहिणीनं हूं की चूं केलं नाही. नुसती थरथरत राहिली, आणि कागदावरची रेघही थरथरत राहिली.

डॉक्टरनं कागद पाहिला आणि भडकला. "ठोक्यांची लय पार बिघडलीय! गोळ्या बुडवल्या असणार. ही जंगलातली माणसं! ठेवून घ्या हिला, कदाचित पुन्हा उघडावं लागेल."

पुन्हा छाती फाडणार हे ऐकून बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. डाग दिले म्हणून सांगितलं असतं, तर मास्तर म्हणवून घ्यायला तोंड राहिलं असतं का? थू माझ्या मास्तरकीवर!

एका वयस्क नर्सनं नाडी बघायला पट्टी सोडली आणि ती ओरडलीच. तिनं कोपराजवळ नाडी धरली. ती अगदी नियमित होती. पट्ट्या वर सरकवून पुन्हा आलेख काढला. ठोका अन् ठोका स्वच्छ आला. डॉक्टरनं तो फायलीत खोचला. माफी? कसली माफी!

"कुणी केलं हे?" नर्सनं विचारलं.

"भाकरी करताना भाजलां, बाई. माझां मीच," बहीण म्हणाली.

नर्सला ते पटलं नाही. नाव नोंदवताना मी मास्तर असल्याचं सांगितलं होतं; ती माझ्याकडे वळली. "मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्ही तरी आडवं यायचं होतं."

मी मान डोलावली. डाग देताना तिचे हात मीच धरून ठेवले होते.