पाण्यापुढं चालणारा माणूस

रंगनाथ गेल्याचं मला मंदाच्या फोनवरून कळलं. मंदा त्याची मुलगी, केडगावला राहते. मी राहुरीत घरासमोरच्या ओट्यावर शेवग्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. "काका, बाबा पहाटे गेले, झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही मागच्या महिन्यात येणार होता ना?" येणार होतो. रंगनाथानं सांगितलेलं एक काम झालं, हे त्याला कळवायला येणार होतो. ते काम मी केलंच नव्हतं, म्हणून गेलो नव्हतो... या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

रंगनाथ पाटकरी होता आणि मी त्याच्यावरचा कालवा निरीक्षक. राहुरी आणि सोनईच्या मधल्या पट्ट्यात आम्ही दोघांनी एकाच कालव्यावर बारा वर्षं काढली. गेटं उघडायची, लावायची, ज्याची पाळी असेल त्याला पाणी द्यायचं, हे पाटकऱ्याचं काम. पण उन्हाळ्यात आवर्तन सुटायचं, कोरड्या कालव्यात पहिलं पाणी यायचं, त्या दिवशी रंगनाथ कुणाचा राहायचा नाही. ते पहिलं पाणी फार हळू येतं, माणसाच्या चालीनं. पुढं वाळका पाला, बाभळीच्या शेंगा, कुणाची तरी तुटकी चप्पल. भेगांमधले किडे बाहेर पळतात आणि ते टिपायला बगळे पाण्याच्या पुढं पुढं चालतात. त्या बगळ्यांच्या मागं आणि पाण्याच्या पुढं, कालव्याच्या तळातून, धोतर खोचून अनवाणी रंगनाथ चालायचा. हातात बांबू. नळ्यांत अडकलेला कचरा काढायला जातो, असं तो मला सांगायचा. कचरा तो काढायचाही. पण त्याचा चेहरा काही कचरा काढणाऱ्या माणसाचा नसायचा.

सायकल असताना पायी कशाला जातोस, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "सायेब, वरात आल्यावर म्होरं चालाया कुनीतरी नको का? नवरदेवानं काय एकट्यानंच मांडवात यायचं?"

मी हसलो होतो. माझ्या हाताखालचा एक पाटकरी थोडा येडा आहे, असं मी घरी बायकोला सांगितल्याचंही आठवतं. मला तेव्हा वाटायचं, आनंद म्हणजे नोकरीतून सुटका करून घेऊन कुठंतरी जाऊन आणायची गोष्ट. रजा, जत्रा, पाहुण्यांकडचं लग्न. हा माणूस कामाच्या वेळात, कामाच्या जागी, उन्हात घामेघूम होऊन इतका खूश कसा, याचा मला थोडा रागच यायचा. आज हे लिहायला लाज वाटते, पण ते खरं आहे.

आता मुख्य गोष्ट. पस्तीस वर्षांपूर्वीचा चैत्र. आवर्तन सुटलं होतं. फाट्यावरच्या चारीचं, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या लहान पाटाचं, गेट गावाच्या पिण्याच्या तळ्यासाठी थोडं उघडं ठेवलं होतं. ते संध्याकाळी पाचला लावायचं आणि मग सगळं पाणी टेलकडं, म्हणजे कालव्याच्या शेवटाला जाऊ द्यायचं. गेटवर त्या दिवशी पाळी रंगनाथाची होती. दुपारी तो माझ्याकडं आला आणि मान खाली घालून म्हणाला, पाण्याबरोबर टेलपर्यंत जाऊ का? मी म्हटलं, जा, गेटवर मी बसतो. त्यानं कुलपाची चावी माझ्या हातात दिली आणि लहान मुलासारखा कालव्यात उतरला.

शेजारच्या गावात जत्रा होती, कुस्त्यांचं मैदान होतं. हलगी गेटपर्यंत ऐकू येत होती. अर्धा तास जाऊन येऊ म्हणून मी दुपारी चार वाजता गेलो. शेवटची कुस्ती सुटेना. मी परत आलो तेव्हा दिवस मावळला होता. वरून पाणी वाढलं होतं, उघड्या राहिलेल्या गेटातून ते घुसून चारीचा बांध फुटला होता आणि बाबूराव नावाच्या शेतकऱ्याच्या खळ्यावरचा सगळा गहू पाण्यात भिजला होता. टेलला पाणी पोचायला पुढं दोन दिवस गेले.

टेलजवळ पोचलेल्या रंगनाथाला पाणी मागं हटतंय हे कळलं आणि तो उलटा पळत आला. आम्ही मातीची पोती टाकत होतो. बाबूरावानं भिजलेल्या गव्हाची ओंजळ त्याच्या तोंडापुढं धरली आणि सगळ्या गावासमोर त्याला विचारलं, कुठं झोपला होतास? रंगनाथानं माझ्याकडं पाहिलं. चावी माझ्या खिशात होती. मी पोतं उचललं.

चौकशीत मी लिहून दिलं की, रंगनाथ पाटकरी हे सवयीप्रमाणे पाण्यासोबत टेलकडे गेले होते व गेटवर हजर नव्हते. त्यातला एकेक शब्द खरा होता. त्याची सवय सगळ्यांना माहीत होती, त्यामुळं कुणी पुढं काही विचारलंही नाही. कागद त्याच्यापुढं ठेवला, त्यानं खाली सही केली. त्याला वाचता येत होतं.

त्याची बदली नगरला भांडारात झाली. घमेली, फावडी, सिमेंटची पोती. तिथून तो निवृत्त झाला, पुन्हा कालव्यावर आला नाही. बाबांना भांडारातही बरं वाटायचं का, असं मी परवा मंदाला विचारलं. माझी तेवढीच आशा होती. ती म्हणाली, पहिली दोन-तीन वर्षं आवर्तन सुटल्याची बातमी आली की बाबा त्या दिवशी जेवायचे नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर मी त्याला शेवटचं भेटलो. तो केडगावला मंदाकडंच राहायचा. त्या घरी नळाला तीन दिवसांनी पाणी येतं. त्यानं अंगणात नळापासून मोगऱ्याच्या आळ्यापर्यंत विटांच्या तुकड्यांनी वीतभर रुंदीचा पाट बांधला होता, मध्ये एक पत्र्याचं इवलंसं गेटही. पाणी आलं की ऐंशी वर्षांचा हा माणूस चपला काढून त्या पाटाच्या कडेनं, पाण्याच्या एक पाऊल पुढं चालायचा. मोजून सात-आठ पावलं. चेहरा तोच.

त्या दिवशी मी सगळं बोललो. जत्रा, कुस्ती, चावी. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "मला ठाव हाय की. चावी तुमालाच दिल्ती न्हवं?"

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"कोन ऐकनार हुतं? मी येडा, तुमी सायेब." हे तो कडवटपणे म्हणाला नाही, पण हसलाही नाही. मग थोडा पुढं सरकला. "येक इचारू? त्या दिशी कुस्ती कोनी मारली?"

मला आठवेना. खूप आठवून पाहिलं. दोन्ही मल्लांची नावं, गाव, काहीच नाही. मी तसं सांगितलं तेव्हा मात्र तो हसला, ठसका लागेपर्यंत हसला, आणि मग मीही... हसता हसता माझे डोळे भरून आले. त्यानंच मला पाणी दिलं. निघताना म्हणाला, "बाबूरावाच्या घरी येकदा सांगा. त्याचा गहू माज्यामुळं न्हाई भिजला. तेवढंच."

पुढच्या मंगळवारी जातो म्हणालो. गेलो नाही. गुडघे, थंडी, लग्नसराई. खरं कारण असं की, त्या गावानं मी निवृत्त झालो तेव्हा मला शाल आणि नारळ दिला होता.

रंगनाथाच्या दहाव्यानंतर गेलो. बाबूराव तीन वर्षांपूर्वीच वारले. त्यांच्या मुलानं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाला, "आमचा म्हातारा कालव्याकडं बघून रंगनाथालाच शिव्या द्यायचा. आता मी ह्ये कुनाला सांगू? गावात अजून लोकं तेच बोलत्यात. तुमी लिव्हा. पेपरात येऊ द्या."

म्हणून लिहितो. त्या संध्याकाळी गेटवर थांबायचं मी कबूल केलं होतं आणि मी थांबलो नाही. रंगनाथ झोपला नव्हता, मला विचारल्याशिवाय गेला नव्हता. बांध फुटला तो माझ्यामुळं, आणि त्याचा कालवा सुटला तोही माझ्यामुळं.

त्या दिवशी घरी न जाता तसाच केडगावला गेलो. नळाला पाणी येण्याचा दिवस होता. मंदानं तोटी सोडली आणि आत निघून गेली, मुद्दामच गेली असावी. पाणी पाटात आलं, पुढं मोगऱ्याची दोन वाळकी पानं आणि एक मुंगळा. आयुष्यभर कालव्यावर नोकरी केली, पण पाण्यापुढं मी एकदाही चाललो नव्हतो. चपला काढल्या, त्याचं ते पत्र्याचं गेट वर उचललं आणि चालू लागलो. गुडघ्यांमुळं चाल हळू. चौथ्या पावलाला पाणी पाटाबाहेर सांडलं आणि मागून माझ्या टाचेला लागलं.