परातीतले भोवरे

मालवणच्या आमच्या मुलींच्या शाळेत नववीला एकच शास्त्र मिळायचं, शरीर व आरोग्यशास्त्र. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, भिंतीवर सांगाड्याचा एक तक्ता पुरतो. पदार्थविज्ञान आणि रसायन हवं असेल तर मुलग्यांच्या शाळेत जायचं, आणि तिथे आपली मुलगी पाठवायला घरचे तयार नसत. म्हणजे डॉक्टर होणं, कॉलेजात शास्त्र घेणं, सगळं तेराव्या वर्षीच बंद. मी त्या शाळेत शास्त्र शिकवत होते, आणि बी.एस्सी. झालेली मी एकटीच होते. त्या वर्षी आठवीत नऊ मुली अशा होत्या की त्यांना तक्त्यासमोर बसवणं मला पटेना. मी नववीला पदार्थविज्ञान सुरू करण्याचा अर्ज केला.

अर्जावर शिक्षण खात्याचे साहेब रत्नागिरीहून पाहणीला आले. त्यांनी कपाट उघडलं. आत एक पट्टीचुंबक, दोन परीक्षानळ्या आणि एक फुटका तराजू होता. मग त्यांनी मुलींना आर्किमिडीजचं तत्त्व विचारलं. नऊही जणींनी ते एका दमात म्हटलं, जशी आरती म्हणतात.

"पाठांतर उत्तम आहे," साहेब म्हणाले. "पण बाई, मुलींचं हे असंच असतं. पाठ करतात. विचार करायची वेळ आली की गप्प. फेब्रुवारीत मी पुन्हा येईन. तेव्हा काही वेगळं दिसलं तर बघू. नाही तर आरोग्यशास्त्र काय वाईट आहे?"

राग आला होता, पण चूक माझीच होती. आरतीसारखं तत्त्व मीच म्हणून घेतलं होतं. कोणत्याच पुस्तकात नाही असं काहीतरी आता मुलींच्या हातून करून घ्यायचं, एवढं मी ठरवलं. जे छापलेलंच नाही ते पाठ कसं करणार?

ते मला दिवाळीत सापडलं, तेही घरच्या मागच्या पडवीत. माझा धाकटा दीर मुंबईला एका प्रयोगशाळेत कामाला होता, बोटीने सुट्टीवर आला होता. मी विळीवर नारळ खवत होते आणि तो समोर तोंड पाडून बसला होता.

"काय झालां भावजी? मुंबैत कोण मिळाली नाय?"

"वयनी, थट्टा नको. आमची तार रुसली आसा."

मग त्याने सांगितलं. काही धातू भयंकर थंड केले, द्रव हेलियममध्ये बुडवले, की त्यांतून वीज काहीही अडथळा न येता वाहते. त्यांना अतिसंवाहक म्हणतात. अशा तारेचं वेटोळं केलं तर प्रचंड जोरदार चुंबक बनवता येईल. पण त्यातल्या काही धातूंमध्ये बाहेरचं चुंबकीय बळ बारीक बारीक दोऱ्यांसारखं आत शिरतं. प्रत्येक दोऱ्याभोवती विजेचा एक इवलासा भोवरा फिरत असतो. हे भोवरे एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ठरावीक अंतरावर रांगा धरून उभे राहतात. तारेतून प्रवाह सोडला की तो त्यांना ढकलतो, आणि तेही प्रवाहाच्या दिशेने नव्हे, आडवं. भोवरे आडवे सरकू लागले की तारेत पुन्हा अडथळा उभा राहतो, तार तापते आणि सगळी करामत संपते.

"मगे तेंका धरून ठेवा," मी म्हटलं.

"धरतलो कोण? तीच तर गंमत आसा. घाण धरता!"

शुद्ध धातूची, तापवून मऊ केलेली, चकचकीत तार त्यांनी महिनाभर खपून केली होती. ती थोड्या प्रवाहातच नापास झाली. ओढून-ताणून, ठोकून केलेली, आतून खडबडीत आणि अशुद्ध तार मात्र कितीतरी जास्त प्रवाह सोसत होती. भोवरे त्या खोडींत, म्हणजे आतल्या दोषांत, अडकून बसत, सरकत नसत. ही गोष्ट जगातल्या शास्त्रज्ञांच्याही हाती नुकतीच आली होती आणि तिच्यावर अजून वाद चालले होते.

नारळ खवून झाला तोवर मला माझा प्रयोग मिळाला होता. भोवरे एकमेकांना लोटतात. चुंबक केलेल्या सुया एकच टोक वर करून पाण्यावर तरंगवल्या तर त्याही तेच करतील.

दीर हसला. "वयनी, आमच्याकडे हेलियम लागता, तुमका परात पुरता!"

परात खरंच पुरली. शाळेच्या स्वयंपाकवर्गातली मोठी, उथळ पितळी परात मी मागून घेतली. गोधडी शिवायच्या लांब सुया मुलींनी घरून आणल्या. सुया खोचून पाण्यात उभ्या तरंगवायला बुचं हवी होती, त्यांच्यासाठी मी डॉक्टरांच्या कंपाउंडरकडे गेले. औषधाच्या बाटल्यांची जुनी बुचं त्याच्याकडे पिशवीभर होती.

"बाई, येवडी बुचां घेवन काय करतलास? आसवां-अरिष्टां काडतलास?"

"भोवरे करतलंय," मी म्हटलं. त्याने पिशवीच माझ्या हातात दिली.

पहिले पंधरा दिवस काहीच जमलं नाही, आणि ते बरंच झालं. सुई चुंबकावर एकाच दिशेने घासायची असते. एखादीने उलटी घासली की ती सुई पाण्यात शेजारणीला जाऊन मिठी मारायची आणि सगळी रांग मोडायची. कोणाची सुई उलटी, हे मुली मला न विचारता शोधू लागल्या. मग बुचं परातीच्या काठाला जाऊन चिकटायची. त्यावर एका मुलीने तोड काढली. ती होडीवाल्याची मुलगी, वर्गातली सगळ्यांत अबोल. तिने घागर उचलली आणि परात काठोकाठ, पाणी वर फुगेपर्यंत भरली. बुचं काठापासून मागे सरली. "बाई, पाणी खाली आसला काय तां काठार वर चडता, आनी बूच तेच्याबरोबर चडता," ती म्हणाली. मला ते ठाऊक नव्हतं. मी सरळ तसं सांगितलं.

आता चाळीस सुया पाण्यात सोडल्या की आपोआप पसरत, आणि मधल्या भागात प्रत्येकीभोवती सहा शेजारणी अशी नक्षी उभी राही. कोणी मांडायची गरज नव्हती. प्रवाहाची दिशा दाखवायला परातीवरून एक लाल दोरा ताणला. प्रवाहाचा रेटा म्हणून दोऱ्याला आडवा विंझण्याने वारा घालायचा. वारा घातला की सगळी नक्षी एकदम पलीकडे सरके. ही शुद्ध तार. मग आंब्याच्या पेटीची एक फळी घेतली, किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करतात तिथले मोडके गंजके खिळे तिच्यावर वेडेवाकडे ठोकून चपटे केले आणि ती परातीखाली सरकवली. पितळेतून लोखंडाची ओढ सुयांना लागली. आता वारा घातला तर सुया थरथरत, पण जागा सोडत नसत. ही खोडीची तार.

साहेबांसमोर आधी खोडीची तार दाखवायची, मग फळी काढून शुद्ध, असं ठरलं. वारा घालायचं आणि बोलायचं काम होडीवाल्याच्या मुलीकडे दिलं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, नाराज झाल्या. "ती बोलते तरी का? वकिलांच्या मुलीला द्या." मी दिलं नाही.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी शाळा सारवून, रांगोळी घालून तयार होती. आमच्याकडे मोठा माणूस येणार म्हटलं की आधी घासायला घेतात, मग विचार करतात. मी एस.टी. स्टँडवर साहेबांना आणायला गेले होते. परत आले तर टेबलावर शिवणवर्गातला भरतकामाचा टेबलक्लॉथ, त्याच्यावर परात, आमसुलाने घासून सोन्यासारखी झालेली. मुलींनी पाणी भरून सुया सोडल्या होत्या. नक्षी सुरेख उभी होती. फळी क्लॉथखाली असेल असं मुलींना वाटलं, मलाही तसंच वाटलं.

साहेब बसले. मोठ्या बाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. मुलीने दोरा दाखवला, भोवरे म्हणजे काय ते सांगितलं. आवाज बारीक होता, पण अडखळली नाही. "ही खोडीची तार आहे. आता मी प्रवाहाचा रेटा देते. भोवरे सरकणार नाहीत."

तिने वारा घातला. चाळीसच्या चाळीस सुया सरळ पलीकडच्या काठाला गेल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी डोळे मिटले. मी क्लॉथचं टोक उचललं. खाली टेबल होतं, फळी नव्हती. दारात मावशी उभी होती, आमच्या शाळेची झाडलोट करणारी, दोन्ही हात आमसुलाने लाल.

"मावशे, हयली फळी खंय?"

"ती गंजकी? ती चुलीत घातलंय. सायबाक चाय नको? वल्या लाकडार चाय खंय जाता?"

मी तोंड उघडणार होते. काय सांगणार होते देव जाणे. बहुतेक माफी मागणार होते. तेवढ्यात मुलगी बोलली.

"साहेब, मी चूक सांगितलं. ही तार शुद्ध आहे."

"आत्ता तर खोडीची म्हणालीस."

"फळी होती असं वाटलं म्हणून म्हणाले. पण भोवरे सरकले. म्हणजे खाली अडकवणारं काही नाही. सुया खोटं बोलत नाहीत."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "अस्सं. वारा दोऱ्याच्या दिशेने का नाही घातलास?"

"भोवरे प्रवाहाबरोबर जात नाहीत. प्रवाह त्यांना बाजूला लोटतो. दोऱ्याच्या दिशेने वारा घातला तर ते खोटं दाखवणं होईल."

"मग मला खोडीची तार दाखव."

"फळी जळली, साहेब," मोठ्या बाई घाईने म्हणाल्या. "पुन्हा कधीतरी..."

मुलगी परातीकडे बघत उभी होती. मग तिने हात मागे नेला, अंबाड्यातला आकडा काढला आणि तो पट्टीचुंबकाजवळ धरला. आकडा टपकन चिकटला. ती मैत्रिणींकडे वळली आणि पहिल्यांदाच जोरात बोलली. "गो, आकडे काडा! सगळे!"

नऊ मुलींनी अंबाडे आणि खोपे सोडले. कोणाचे सहा आकडे, कोणाचे दहा. वकिलांच्या मुलीकडे तर मूठभर निघाले. वेण्या पाठीवर, बटा तोंडावर. मोठ्या बाईंचा चेहरा मला आजही वर्णन करता येणार नाही. चौघींनी परात अलगद उचलली, पाचवीने क्लॉथवर आकडे वेडेवाकडे पसरले, परात पुन्हा खाली टेकवली. थोडं पाणी सांडलं, तेवढं लगेच भरलं. सुया हिंदकळल्या, फिरल्या, आणि हळूहळू जागोजागी थांबल्या. नक्षी आता पहिल्यासारखी सुरेख नव्हती. रांगा वाकड्या झाल्या होत्या.

मुलीने वारा घातला. सुया थरथरल्या. एकही सरकली नाही.

"दे इकडे," साहेब म्हणाले. त्यांनी कोट काढला, विंझणा घेतला आणि जोर लावला. तरी सुया जागेवर. मग ते उभेच राहिले आणि दोन्ही हातांनी वारा घालू लागले. एक सुई सुटली. तिने दुसरीला ढकललं, आणि एक मोठा घोळका एकदम पलीकडे गेला.

"हे काय झालं? खोडी असूनही सुटले?" साहेब धापा टाकत म्हणाले.

हा प्रश्न आम्ही कधी घेतलाच नव्हता. इतका वारा आमच्यापैकी कोणी घातलाच नव्हता. मी मुलीकडे पाहिलं, कारण उत्तर मला द्यायचं नव्हतं.

मुलगी सुयांवर वाकली. "आकड्यांनी धरलंय, पण बांधलेलं नाही. रेटा धरण्यापेक्षा जास्त झाला की सुटणारच. एक सुटली की शेजारणीला लोटते, म्हणून घोळक्याने गेल्या. खऱ्या तारेतही असंच होत असेल. म्हणजे प्रत्येक तारेला काही एक प्रवाह असणार, त्याच्यापुढे ती टिकणार नाही. आकडे जास्त घातले तर जास्त टिकेल." मग तिने जरा विचार करून जोडलं, "करून बघायला हवं."

"हे कुठल्या पुस्तकात आहे, बाई?" साहेबांनी मला विचारलं.

"मला मिळालेल्या एकाही पुस्तकात नाही."

"म्हणजे घाण तार चांगली आणि स्वच्छ तार वाईट?"

"या कामापुरती," मी म्हटलं.

दारातून मावशी म्हणाली, "मगे माका रोज झाडूक कित्याक लावतास?"

साहेब इतके हसले की विंझणा खाली पडला. चहा आला, तो त्यांनी उभ्यानेच घेतला आणि पिता पिता आणखी पाच मुलींना प्रश्न विचारले. दोघींनी चुकीची उत्तरं दिली, पण गप्प कोणी राहिली नाही. एकीने तर साहेबांनाच विचारलं की या उभ्या सुयांत एक आडवी तरंगवली तर काय होईल. त्यांना ते येईना. त्यांनी तसं कबूल केलं. त्या क्षणी मी त्यांना मागचं पाठांतराचं बोलणं माफ केलं.

जाण्यापूर्वी त्यांनी शेरेपुस्तक मागितलं आणि दोन पानं लिहिली. प्रयोगशाळेअभावी परवानगी नाकारता येणार नाही, साहित्याची सोय खात्याने करावी, आणि जूनपासून नववीला पदार्थविज्ञान व रसायन सुरू करावं, असा त्याचा सारांश होता. मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं, मग चष्मा काढून मला दाखवलं, जसं काही मी शेजारी उभी नव्हतेच.

मी मुंबईला पत्र टाकलं. दिराचं उत्तर आलं, की घोळक्याने सुटण्याचा प्रकार त्यांच्या तारेतही दिसतो आणि त्यावर त्यांची डोकी फिरली आहेत. ती मुलगी मोठी झाली की पाठवा.

मे महिन्यात दोन पालक घरी आले. त्यांच्या मुली आधीच्या नऊ जणींत नव्हत्या. "आमच्या पोरीयेकय घेवा," ते म्हणाले. मी घेतल्या. जूनमध्ये खात्याचा हुकूम टपालाने आला आणि मागोमाग साहित्याच्या दोन पेट्या बैलगाडीतून उतरल्या. वेळापत्रक मीच केलं. पदार्थविज्ञान सोमवारी पहिल्या तासाला लावलं, डोकी ताजी असतात तेव्हा. शिवण नेली शेवटच्या तासाला. मोठ्या बाईंनी खाली सही केली. सोमवारी वर्गात अकरा मुली होत्या. मी खडू घेतला आणि शिकवायला सुरुवात केली.