यांच्या हातचं
जून महिन्यात कुणाच्या अंगणातून कोळशावर भाजलेल्या मांसाचा धूर आला, की मला अमेरिकेत ट्रॉयला राहत असतानाची एक दुपार आठवते. ऑफिसमधल्या एका कृष्णवर्णीय मैत्रिणीने आम्हाला जूनटीन्थला, म्हणजे गुलामगिरी संपली त्या दिवसाच्या त्यांच्या सणाला, बोलावलं होतं. पार्कमध्ये ढोल वाजत होते, म्हाताऱ्या बायकासुद्धा मनसोक्त नाचत होत्या. मैत्रिणीची आजी मोठ्या काचेच्या भांड्यातून सगळ्यांना लाल सरबत देत होती. "आमच्या पूर्वजांनी सांडलेल्या रक्ताची आठवण म्हणून आज लालच प्यायचं," असं सांगत तिने पहिला ग्लास पुण्याहून आलेल्या माझ्या सासऱ्यांपुढे धरला. सासऱ्यांनी हात पाठीमागे घेतले आणि मला मराठीत म्हणाले, "यांच्या हातचं नको. उपास आहे म्हणून सांग." मी हसत हसत तसं सांगितलं. आजीने त्या पाठीमागे गेलेल्या हातांकडे क्षणभर पाहिलं. मग तिने कूलरमधून पाण्याची बाटली कागदी नॅपकिनमध्ये धरून आणली आणि टेबलावर ठेवत शांतपणे म्हणाली, "ही सीलबंद आहे. आमच्यापैकी कुणाचा हात लागलेला नाही." मैत्रिणीने मान फिरवली. सासरे बाटली उघडून घटाघटा पाणी प्यायले, आणि परतताना गाडीत समाधानाने म्हणाले, "बाई समजूतदार आहे हो." तिला ती समज कुठून आली असेल, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. आता सासरे नाहीत, आणि मैत्रिणीने मला पुन्हा कधी बोलावलं नाही.